कालकंठाच्या हातची मोसंबी

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, दिवाळी अंक आहे, काहीतरी हलकंफुलकं लिहा, शूटिंगच्या गमतीजमती सांगा. मी हो म्हणून बसलो. आता लिहायला घेतलंय तर लक्षात येतंय की माझ्याकडे गमतीजमती दोन-चारच आहेत आणि त्या सांगायला लागलो की माझं डोकं फिरतं. तेव्हा ज्यांना निव्वळ हसायचं आहे त्यांनी पुढचा लेख वाचावा. मला आज थोडं भांडायचं आहे.

माझा चेहरा तुम्ही पाहिला असेल, नाव माहीत नसेल. अर्धं आयुष्य मी टीव्हीवर कोणाच्या तरी मागे उभा राहिलो. पाटलाच्या मागे काठी घेऊन, आमदाराच्या मागे फोन घेऊन, इन्स्पेक्टरच्या मागे टोपी घालून. आमचं गाव देवळाली प्रवऱ्याच्या पलीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे कळेल. नगरला नाट्यस्पर्धेत बक्षिसं मिळाली, म्हणून मुंबईला गेलो. तिथे पहिल्याच ऑडिशनला निवड करणाऱ्या माणसाने माझं स्वगत मध्येच थांबवून सांगितलं, "छान आहे, पण थोडं गावठी करा ना." मी म्हटलं, अहो, मी गावचाच आहे, आणखी काय करू? तो म्हणाला, तसं नाही, आम्हाला वाटलं पाहिजे ना गावठी. मग मी तोंड वाकडं करून, डोळे फाडून चार वाक्यं म्हटली. आमच्या गावात असं कोणी बोललं तर त्याला दवाखान्यात नेतील. मला काम मिळालं.

हा राग मी पुष्कळ वर्षं गिळला. घर चालवायचं होतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवलेली होती. टीव्हीवर आमची बोली आली की समजावं, हा एकतर नोकर आहे, नाहीतर विनोदी आहे, नाहीतर गुंड आहे. चांगला माणूस पडद्यावर कधी 'न्हाई' म्हणत नाही. जसं काही आमच्याकडे चांगली माणसं 'नाही' म्हणायला पुण्याहून मागवावी लागतात.

आता कालकंठाकडे येतो.

गुप्तहेर सुधन्वा आणि त्याचा वैरी कालकंठ यांची पुस्तकं माझ्या वयाच्या लोकांनी लहानपणी चोरून वाचलेली असतील. आमच्याकडे ती केशकर्तनालयात असायची, मुखपृष्ठं फाटलेली, शेवटची पानं बहुतेक वेळा दाढीचा साबण पुसायला गेलेली. मी आणि माझी धाकटी बहीण सुमन आळीपाळीने मोठ्याने वाचायचो आणि नसलेला शेवट स्वतः करायचो. खेळात सुमन कायम सुधन्वा व्हायची. कालकंठ मी. ती बुटकी होती, पण माझ्याकडे बोट रोखून उभी राहिली की मला खरंच पळावंसं वाटायचं.

पुस्तकातला कालकंठ काळाकभिन्न, गालावर व्रण, अंगावर घोंगडी, आणि बोलणं मात्र आमच्या चुलत्यासारखं. सुधन्वा म्हणणार, "कालकंठ, तुझा खेळ संपला आहे." आणि कालकंठ म्हणणार, "तुला जित्ता सोडनार न्हाई." लहानपणी यात काही खटकलं नाही. मोठेपणी खटकलं. लिहिणाऱ्याने पापाला आमची भाषा दिली आणि बुद्धीला स्वतःची.

दोन वर्षांपूर्वी त्या पुस्तकांवर मालिका निघाली, कथा आजच्या काळात आणलेली. दिग्दर्शक निखिल म्हणून तरुण मुलगा. त्याने मला बोलावलं, कपडेपटातली घोंगडी दाखवली आणि तेच म्हणाला, काका, तुमची ती गावठी भाषा आहे ना, ती फुल्ल वापरा. मी घोंगडी उचलली आणि घडी करून परत ठेवली. म्हटलं, उद्या मी माझा कालकंठ घेऊन येतो, आवडला तर ठेव, नाहीतर दुसरा माणूस बघ.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेलो. केस चापून बसवलेले, कपाळाला बारीक गंध. समोर ज्याला कालकंठ संपवणार असतो तो माणूस. मी त्याला बसवलं, जेवलात का म्हणून विचारलं. मग ताटलीतून एक मोसंबी उचलली, अंगठ्याच्या नखाने हळूहळू सोलली, फोडीवरचे पांढरे धागे काढले आणि फोड त्याच्या हातात दिली. त्याने ती तोंडात टाकली, तेव्हा मी माझं वाक्य म्हटलं. अगदी शुद्ध, हळू, मायेने. त्या माणसाने आपल्या मुलाला सोडायची विनवणी केलेली असते. मी म्हटलं, "बघू की. पुढच्या जूनला बघू."

निखिलने ताटलीतली एक मोसंबी उचलून पाहिली. मग म्हणाला, काका, जून का? मी म्हटलं, राहू दे.

पुढे मालिका चालली. कालकंठ तर इतका चालला की लग्नाच्या पंगतीत कोणी आणखी जिलबी मागितली की वाढपी 'पुढच्या जूनला बघू' म्हणायला लागले. वर्तमानपत्रांत आलं की या अभिनेत्याने केवळ कल्पनाशक्तीच्या बळावर जुन्या खलनायकाला नवा चेहरा दिला. तिथून माझ्या रागाला तोंड फुटलं. कसली कल्पनाशक्ती? मी तसूभरही कल्पनेने केलं नाही. मी पाहिलेलं केलं.

आमच्या गावात एक शिक्षणसंस्था आहे. तिचे अध्यक्ष तात्यासाहेब. त्यांचा आवाज आयुष्यात कधी चढलेला कोणी ऐकलेला नाही. कोणाला शिवी नाही, अरे-तुरे नाही. बाईमाणूस समोर आलं की खुर्चीतून अर्धे उठतात. त्यांची स्वतःची मोसंबीची बाग आहे आणि टेबलावर कायम ताटली भरलेली. तुम्ही काही मागायला गेलात की ते मोसंबी सोलायला घेतात. तुमचं सगळं ऐकून घेतात, मान हलवतात, आणि तुमच्या बोलण्याचा खरा मुद्दा आला की फोड पुढे करतात. एवढा मोठा माणूस स्वतःच्या हाताने सोलून देतोय, नाही कसं म्हणणार? तुम्ही ती तोंडात टाकता. मोसंबीची फोड रसाळ असते, बिया असतात, ती तोंडात असताना माणसाला बोलता येत नाही. नेमक्या त्या वेळी तात्यासाहेब आपला नकार सांगून टाकतात आणि घंटी वाजवून पुढच्याला बोलावतात. तुम्ही बी कुठे थुंकावी या विचारात बाहेर येता.

सुमन त्या संस्थेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. बी.एड. झाली तेव्हापासून, विनाअनुदानित तुकडीवर. म्हणजे काम पूर्ण शिक्षिकेचं, पण नोकरी दर वर्षी नव्याने, कायमची नाही. कायम करण्याचा निर्णय संस्थेच्या हातात, म्हणजे तात्यासाहेबांच्या. दर उन्हाळ्यात ती त्यांच्याकडे जायची, फोड खायची आणि ऐकून यायची, "ताई, पुढच्या जूनला बघू." एका जूनला जागा निघाली, ती तात्यासाहेबांच्या सुनेला गेली. दुसऱ्या जूनला निघाली, ती कोणा पुढाऱ्याच्या भाचीला. सुमनने शिकवलेली मुलं डॉक्टर झाली, आणि सुमन अजून जूनची वाट बघत होती. मी मुंबईत पाटलाच्या मागे काठी घेऊन उभा असायचो आणि फोनवर तिचं ऐकायचो. तेव्हाच ठरवलं होतं की कधी खरा खलनायक करायला मिळाला तर घोंगडी घालणार नाही.

आता बाहेरच्यांना या कामाचं थोडं सांगतो, म्हणजे संपादकही खूश होतील. खलनायक करताना चिडायचं नसतं. चिडलेला माणूस प्रेक्षकाला आपल्यातला वाटतो. त्याने शांत असावं आणि समोरच्याने घाबरावं, भीती समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसते. म्हणून खलनायकाचं निम्मं काम त्याचा बळी करत असतो आणि बक्षीस मात्र खलनायकाला मिळतं. शिवाय एकच प्रसंग वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा घेतात, आणि प्रत्येक वेळी ताटली आधीसारखीच दिसली पाहिजे, फोड तितकीच सोललेली पाहिजे. त्यामुळे एका प्रसंगाला पेटीभर मोसंबी लागायची. साल नखाखाली जाऊन बोटं चुरचुरायची. आणि बळीचं काम करणारे एक ज्येष्ठ नट होते, त्यांना शुगर. ते बिचारे प्रत्येक 'कट' नंतर टेबलाखालच्या बादलीत फोड थुंकायचे आणि मला म्हणायचे, तू मला खराच मारणार आहेस. ही घ्या एक गंमत.

आता पुन्हा भांडण. मला वाटलं होतं की आमच्या गावाबाहेर हा कालकंठ कोणाला ओळखू येणार नाही. पण भिंगारच्या बाजारात चपला घ्यायला गेलो तर दुकानात एक निवृत्त गृहस्थ जवळ आले आणि हळूच म्हणाले, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तुम्ही कुठे भेटलात? मी म्हटलं, कधीच नाही. ते म्हणाले, खोटं बोलू नका, फक्त ते मोसंबीऐवजी चहा पाजतात. खर्ड्याकडच्या एका शेतकऱ्याने कुठून तरी माझा नंबर मिळवला. तो म्हणाला, "आमच्या चेअरमनला तुमी टीव्हीवर घेतलं, लई बरं केलं. पर त्यो शिमग्यालाबी असाच गोड बोलतो, ते दाखवा." असे किती फोन आले. पहिल्यांदा मजा वाटली, नंतर अंगावर काटा आला. जो तो सांगत होता, हा आमचा. म्हणजे आहेत तरी किती? आणि सगळ्यांनी फोड खाल्लेलीच होती.

तात्यासाहेबांना कळेल तेव्हा काय होईल, याची मला धास्ती होती, ती सुमनसाठी. आणि त्यांना कळलंच. पण झालं ते मी स्वप्नातही धरलं नव्हतं. त्यांनी माझा सत्कार ठेवला.

सुमनचा फोन आला. तात्यासाहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं की दत्तूने, म्हणजे मी, आपल्या गावाचं नाव काढलं, आमची लकब महाराष्ट्रभर नेली, संस्थेतर्फे शाल-श्रीफळ देऊ. त्यांना मनापासून आनंद झाला होता. मी थक्क झालो. या माणसाला आपण सैतान म्हणून दाखवला आणि त्याला तो आपला फोटो वाटला. मी म्हटलं, मी येत नाही. तेव्हा सुमन म्हणाली, या जूनला दोन जागा आहेत, तुझ्या पाया पडते, ये आणि गोड बोल. मग मी काय बोलणार? गेलो.

शाळेचं सभागृह भरलेलं होतं. पुढे गावातली मानकरी मंडळी, एका बाजूला शिक्षकांची रांग, त्यात सुमन, निळ्या साडीत. मागे पालक आणि मुलं. सूत्रसंचालकाने माझी ओळख देताना कालकंठाचं वाक्य म्हणून दाखवलं आणि मुलांनी शिट्ट्या मारल्या. तात्यासाहेबांनी शाल घातली, नारळ दिला. मग माईक हातात घेऊन ते म्हणाले की दत्तू आमच्याकडून एक गोष्ट शिकला, ती आज आपण सगळ्यांनी प्रत्यक्ष पाहू. त्यांनी खूण केली. शिपायाने ताटली आणून ठेवली. मोसंबी.

टाळ्या सुरू झाल्या. तात्यासाहेब उभ्या उभ्या सोलू लागले. मी जवळून बघत होतो, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा त्यांचा हात कितीतरी सफाईचा. धागे काढले, फोड मोकळी केली, माझ्यापुढे धरली. मोबाईल वर झाले, फोटो निघायला लागले. माझ्या मनात आलं, खाऊन टाक. सुमीची जागा आहे. एवढ्या फोडी खोट्या चारल्यास, ही एक खरी खा. मी फोड हातात घेतली. चेहरा हसरा ठेवला होता, ते तर माझं कामच.

फोड तोंडाशी नेली तेव्हा शिक्षकांच्या रांगेतून आवाज आला.

"दादा, खाऊ नको. आधी बोल."

सुमन उभी होती. बोट वगैरे रोखलेलं नव्हतं, दोन्ही हातांनी पदर घट्ट धरलेला होता. तिच्या शेजारच्या बाई तिला खाली ओढत होत्या. मी फोड ताटलीत ठेवली. माईक माझ्यासमोरच होता. इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं पाठ करून म्हटली, आणि माझं स्वतःचं एक वाक्य बोलायची वेळ आज आली. कालकंठाची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. जे आलं ते आमच्या घरातलं आलं.

"तात्यासाहेब, आमच्या सुमीचं काय करनार हाय तुमी? तिला कायम करनार का न्हाई, ते हितं सांगा."

तात्यासाहेब गडबडले नाहीत. ते कधीच गडबडत नाहीत. त्यांनी मान हलवली, मायेने हसले, आणि त्याच हळू आवाजात, माईकवर, सगळ्या गावासमोर म्हणाले, "बघू की. पुढच्या जूनला बघू."

मग शिक्षकांच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. ते दाबायला गेलं तर दुसरं हसलं. मग मागची मुलं, पालक, खिडकीत बसलेले, दाराशी उभे असलेले, सगळे. त्यात मजा नव्हती. त्या रांगेतल्या किती जणांनी वर्षानुवर्षं ते वाक्य ऐकून मुकाट्याने बी गिळली होती, ते सगळं हसण्यातून बाहेर पडत होतं. तात्यासाहेब पहिल्यांदा इकडे तिकडे बघायला लागले. त्यांनी हाताला काम म्हणून ताटलीतली फोड उचलली. कोणाला द्यावी, कळेना. मी हात मागे घेतले होते. सूत्रसंचालकही मागे सरकला. शेवटी त्यांनी ती स्वतःच्याच तोंडात टाकली, आणि मग हसणारं गाव समोर असताना त्यांना एक शब्दही बोलता येईना.

मला हा लेख इथे संपवता आला असता. टाळ्याही मिळाल्या असत्या. पण मला त्याचाच राग आहे. लोक हसले आणि घरी गेले. जून आला, दोन जागा भरल्या, दोन्हींत सुमन नव्हती. उलट तिला सांगण्यात आलं की तुमची तुकडी यंदा बंद करतोय. अतिशय नम्रपणे सांगण्यात आलं. संस्थेच्या निवडणुकीत तात्यासाहेब बिनविरोध निवडून आले. त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी कोणीही अर्ज भरला नाही. मी एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, दत्तू, तुझं ठीक आहे, तू मुंबईला जातोस. सुमन आता एसटीने राहुरीच्या पुढे दुसऱ्या शाळेत जाते. तिथेही तुकडी विनाअनुदानितच आहे, आणि अध्यक्षही तसेच गोड बोलणारे.

तिकडे मालिका संपवायची वेळ आली. पुस्तकात कालकंठ शेवटी किल्ल्यावरून दरीत कोसळतो. निखिलला ते खर्ड्याच्या किल्ल्यावर घ्यायचं होतं. मी सांगितलं, बाबा रे, तो भुईकोट आहे, तिथे तटावरून पडला तर माणूस खंदकात जाईल, दरी कुठून आणशील? आणि मग मी त्याला सभागृहातला सगळा प्रसंग सांगितला. म्हटलं, हा शेवट कर. एक बाई भरल्या सभेत उभी राहते आणि म्हणते, खाऊ नको, आधी बोल. त्याने लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "काका, छान आहे, पण यात काही दम नाही. पडायला पाहिजे हो तो."

मी त्याला म्हटलं, "ती दोन वाक्यं बोलायला माझ्या बहिणीने नोकरी घालवली. तुझ्या दरीत तेवढा दम आहे का?"

त्याला वाईट वाटलं असावं, मुलगा चांगला आहे. पण वरून ठरलेलं होतं. स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर स्टूल ठेवलं, खाली गाद्या टाकल्या. सुधन्वा झालेल्या गोऱ्यागोमट्या पोराने बोट रोखलं आणि मी गाद्यांवर पडलो. मागे दरी नंतर चिकटवली. खूप खोल दिसते म्हणे. लोकांनी अभिनंदनाचे निरोप पाठवले. न्याय झाला, असंही कोणी कोणी लिहिलं.

तो शेवटचा भाग पंधरा ऑगस्टला दाखवला. भाग संपल्यावर मी सुमनला फोन केला. म्हटलं, पाहिलास का, मेला एकदाचा कालकंठ.

"मेला व्हय?" सुमन म्हणाली. "आमचा तर सकाळी झेंडावंदनाला हुता."